कोठडीच्या दारातली वकिली

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या जिल्हा कारागृहात प्रभाकर पांडुरंग संझगिरी नावाचे एक स्थानबद्ध अणूच्या अंतरंगावर मराठीत पुस्तक लिहीत होते. भारत संरक्षण नियमांखाली त्यांना डांबलेले होते. खटला नव्हता, शिक्षाही नव्हती. लिहायला परवानगी सरकारनेच दिली होती. हस्तलिखित पुरे झाल्यावर ते छपाईसाठी पत्नीकडे पाठवू द्या, असा अर्ज त्यांनी केला आणि तो मात्र फेटाळला गेला. विज्ञानावरच्या त्या पुस्तकात देशाच्या सुरक्षिततेला बाधा आणणारे काही आहे, असे सरकारचेही म्हणणे नव्हते. सरकार एवढेच म्हणत होते की स्थानबद्धाला नियमांत लिहिलेल्या सवलतीच मिळतात आणि पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत त्या यादीत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे मानले नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1965 मध्ये तिथेही हरले. कायद्याने जेवढे निर्बंध घातले आहेत तेवढेच, त्यापलीकडचे स्वातंत्र्य बंदिवानाकडे शाबूत राहते आणि ते कोणाला मर्जीने काढून घेता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता.

तुरुंग आणि पोलिस या क्षेत्रात नागरी हक्कांची वकिली करणाऱ्याला रोज जे भांडावे लागते ते सगळे याच मुद्द्यावर. कैद्याला चष्मा मिळावा, वर्तमानपत्र मिळावे, आईला पाठवलेले पत्र अडकू नये, वकिलाशी बोलताना शिपाई कान देऊन शेजारी उभा राहू नये, यांतले काहीही मागायला गेले की पलीकडून अजूनही साठ वर्षांपूर्वीचाच प्रश्न येतो: ‘तशी तरतूद कुठे आहे?’ खरे तर उत्तर देण्याचे ओझे त्यांच्यावर आहे. मनाई कुठे लिहिली आहे, ते त्यांनी दाखवायचे असते.

पुढची पाने तरुण वकिलांसाठी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि ज्यांच्या घरचा माणूस आत आहे अशा कुटुंबांसाठी लिहिली आहेत. माझी धारणा सुरुवातीलाच सांगते. अटकेतल्या माणसाचे आणि कैद्याचे बहुतेक हक्क आपल्याकडे न्यायालयात जिंकून झालेले आहेत. ते पोलिस ठाण्यापर्यंत आणि बराकीपर्यंत पोचलेले नाहीत. दिल्लीत लागलेल्या निकालापासून तालुक्याच्या ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंतचे अंतर प्रत्येक अटकेत नव्याने तोडावे लागते. ते तोडणारा वकील बहुधा नवखा असतो आणि त्या दिवसाची फी त्याला मिळतेच असे नाही. या पुस्तकाला मोठ्या घटनात्मक तत्त्वांइतकेच आवक शिक्क्याचे आणि अटकेच्या वेळेचे महत्त्व वाटते, ते यामुळे.

अटकेची वेळ हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा तपशील आहे. राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदानुसार अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. पण हे 24 तास मोजायचे कधीपासून? व्यवहारात माणूस उचलला जातो सोमवारी रात्री आणि कागदावर अटक दिसते बुधवारी दुपारी. मधल्या काळात तो ‘चौकशीसाठी बोलावलेला’ असतो. घरचे ठाण्यात गेले तर ‘आमच्याकडे असा कोणी नाही’ असे सांगितले जाते, किंवा ‘साहेब बाहेर गेलेत, सकाळी या’ असे. कायद्याच्या हिशेबात हा माणूस कुठेच नसतो. मारहाण होते ती बहुतेक याच तासांत.

म्हणून फोन येताच वकिलाने पहिली गोष्ट करायची ती अर्ज लिहिण्याची. अमुक व्यक्तीला अमुक ठिकाणाहून अमुक वाजता तुमच्या ठाण्याच्या कर्मचाऱ्यांनी नेले आहे. त्याच्या अटकेची माहिती द्यावी, वकिलाला भेटू द्यावे, वैद्यकीय तपासणी करावी. अर्जावर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर तोच मजकूर ठाण्याच्या आणि पोलिस अधीक्षकांच्या ईमेलवर पाठवावा, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. त्याच दिवशी सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करावी. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला आणि चित्रण दीर्घकाळ जपायला सांगितले आहे. तरीही महिन्याभराने मागायला गेले तर कॅमेरा नेमका त्या आठवड्यात नादुरुस्त होता, असे उत्तर मिळते. मागणी अटकेच्याच दिवशी लेखी गेलेली असली की हे उत्तर देणे कठीण होते.

या साऱ्याला आधार आहे डी. के. बसू प्रकरणाचा. पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदतीचे काम करणाऱ्या बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांवरून 1986 मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानले गेले आणि निकाल लागला डिसेंबर 1996 मध्ये. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचे पत्रक जागेवर करून त्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यावी, घरच्यांना कळवावे, अंगावरच्या खुणा नोंदवाव्यात, कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे 11 निर्देश त्यात आहेत. यांतले बरेच काही पुढे कायद्यात आले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटकेचे पत्रक कलम 36 मध्ये, वकिलाला भेटण्याचा हक्क 38 मध्ये, अटकेची कारणे सांगणे 47 मध्ये आणि 24 तासांची मर्यादा 58 मध्ये आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तेव्हाच देणे शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या किंवा मुंबईत बंगाली बोलणाऱ्या मजुराला मराठीतला छापील कागद पुढे करून अंगठा घेणाऱ्या प्रत्येक ठाण्याला हा निकाल बांधील आहे.

रिमांडच्या न्यायालयात या सगळ्याची परीक्षा होते आणि ती पाच मिनिटांत आटोपते. शनिवारी संध्याकाळची अटक, रविवारी सुटीचे न्यायालय, हातात वकीलपत्र आहे पण एफआयआरची प्रत नाही. तपास अधिकारी सात दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलिस कोठडी, मागतो. न्यायदंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची तेच मागे दंडाला धरून उभे असतात आणि पीसीआर मिळाला तर आणखी सात रात्री त्यांच्याच ताब्यात काढायच्या असतात. माणूस ‘नाही’ म्हणतो आणि तसे नोंदले जाते. पुढे उच्च न्यायालयात हीच ओळ सरकारी वकील वाचून दाखवतात. म्हणून आधी दोन मिनिटे आरोपीशी बाजूला बोलायची परवानगी मागायची. त्याला चालायला लावायचे, तळपाय दाखवायला सांगायचे. खुणा असतील तर त्या न्यायाधीशांनी स्वतः पाहून नोंदवाव्यात असा अर्ज तिथल्या तिथे हाताने लिहून द्यायचा आणि तपासणी दुसऱ्या सरकारी रुग्णालयात करायला सांगायची. ‘ताजी इजा नाही’ असे साच्यातले वाक्य लिहिलेला दाखला पुरेसा मानायचा नाही. पूर्वी पोलिस कोठडीचे 15 दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपत. नव्या संहितेच्या कलम 187 ने ते गुन्ह्यानुसार 40 किंवा 60 दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. एकदा तुरुंगात गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात आणता येतो. माझ्या मते अलीकडच्या बदलांपैकी हा सर्वांत घातक आहे, कारण पोलिसांच्या हातून सुटून एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळाल्यावर माणूस बोलायला धजावत असे, ते धैर्यच यामुळे खचते.

न्यायदंडाधिकाऱ्याने आपणहून विचारले पाहिजे, हा दंडक महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आला. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या 15 स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यांतल्या पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना कारागृहात जाऊन अहवाल द्यायला सांगितले. फेब्रुवारी 1983 मध्ये निकाल आला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि तिथे स्त्री पोलिस, स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच, अटकेची खबर कायदा साहाय्य समितीला ताबडतोब, आणि मारहाणीची तक्रार आहे का हे विचारताना वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही आरोपीला सांगणे न्यायदंडाधिकाऱ्यावर बंधनकारक. एका पत्रकार स्त्रीने कैदी स्त्रियांचे म्हणणे नीट ऐकून घेतले आणि एका महाविद्यालयाने ते पडताळले, त्यातून हा कायदा झाला. वकील नसलेल्यांचाही या कामात केवढा वाटा असतो, हे समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी यावरून ओळखावे.

कारागृहांबाबत तर पहिले मोठे दार उघडले ते एका पोलिस अधिकाऱ्याच्या लेखणीने. के. एफ. रुस्तमजी नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. सीमा सुरक्षा दल उभारणारे रुस्तमजी राष्ट्रीय पोलिस आयोगाचे सदस्य म्हणून बिहारच्या तुरुंगांत फिरले आणि जानेवारी 1979 मध्ये त्यांनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये लिहिले की आरोप सिद्ध झाला तरी जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ तिथले कच्चे कैदी खितपत पडले आहेत. ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी त्या लेखांवरून याचिका केली. हुसेनआरा खातून या नावाने ती ओळखली जाते. खटला वेगाने चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातून ठरले आणि पुढे देशभरातले हजारो कच्चे कैदी सुटले. त्याच सुमारास तिहारमधल्या सुनील बात्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना चिठ्ठी धाडली. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या चिठ्ठीलाच याचिका मानले आणि डॉ. वाय. एस. चितळे व मुकुल मुद्गल या वकिलांना न्यायालयाचे मित्र म्हणून थेट तुरुंगात पाठवले. वकिलाने आत जाऊन जागा पाहायची, कैद्याशी बोलायचे, कागद तपासायचे, ही रीत तिथून रुजली.

यानंतरही 2022 अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या 5,73,220 बंदिवानांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. शंभरातले सुमारे 76. जागा होती 4,36,266 माणसांची. यांतले कितीतरी जामीन मंजूर होऊनही आत आहेत. 15 हजारांचा जामीनदार हवा, त्याच्याकडे ऐपतीचा दाखला हवा, रेशनकार्ड हवे. बीडहून ऊसतोडीला किंवा बिहारहून बांधकामावर आलेल्या माणसासाठी असा जामीनदार पुण्यात कोण उभा करणार? जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामीन मिळून महिना झाला तरी कैदी बाहेर आला नसेल तर न्यायालयाने आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा. संहितेच्या कलम 479 नुसार, काही अपवाद सोडता, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचे आणि त्यासाठी न्यायालयाकडे लिहिण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. हे अर्ज आपोआप होत नाहीत. कारागृहात बसून रजिस्टर पाहत प्रत्येकाच्या तारखा मोजाव्या लागतात. कंटाळवाणे, बिननावाचे काम आहे. मला विचाराल तर गाजलेल्या दहा याचिकांपेक्षा या एका कामाने जास्त माणसे घरी जातात.

जातीविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. ब्रिटिशांनी 1871 मध्ये काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. अशा जमातींना जिथे डांबत त्या सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटची आठवण अजून अनेक कुटुंबांत जिवंत आहे. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण ठाण्यातल्या मनातून गेला नाही. चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर आजही पहिली धाड पडते. तुरुंगातही जातीनुसार कामाची वाटणी राज्यांच्या नियमावल्यांत छापलेली होती. स्वयंपाक वरच्या जातीच्या कैद्याकडे, सफाई ठरावीक जातींकडे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे शोधून लिहिले, मग स्वतःच याचिका केली आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. भटक्या-विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजण्याची मुभा देणारे उल्लेखही काढायला सांगितले. नियमावली बदलली म्हणून बराकीत झाडू कोणाच्या हातात जातो ते बदलले का, हे पाहायला मात्र कोणीतरी मुलाखतीच्या खिडकीपलीकडे जायला हवे.

2003 च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा निर्घृण खून झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशीच दिली. नंतर उघड झाले की त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. पुनर्विलोकन याचिकांवर नव्याने सुनावणी झाली आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून वेगळेच चौघे ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई मिळाली. आयुष्याची जवळपास सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

‘तुम्ही आरोपींचेच वकील, ज्यांच्या घरचे मेले त्यांचे काय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो मी हलका मानत नाही. नाशिकच्या त्या प्रकरणात बळींच्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही. साक्षीदाराने दाखवलेली माणसे सोडून सोयीची माणसे पकडली गेली, तेव्हाच त्यांचा न्याय हुकला. मारून घेतलेल्या कबुलीवर तपास थांबतो. त्याचा फायदा होतो तो न सापडलेल्या खुन्याचा. आणि ठाण्यातल्या शिपायाचेही पाहावे. बंदोबस्त, गणपती, निवडणुका, साप्ताहिक सुटी रद्द, वरून ‘दोन दिवसांत उलगडा करा’ असा दबाव. तपासाचे आणि कायदा-सुव्यवस्थेचे काम वेगळे करा, बदल्यांतला हस्तक्षेप थांबवा, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात सांगितले होते. ते मनापासून अमलात आले असते तर चांगल्या पोलिसाचेही जगणे सुसह्य झाले असते.

खटला हरूनही कायदा बदलतो, याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे विदर्भातले देसाईगंज पोलिस ठाणे. 1972 मध्ये तिथे एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केला. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कोठडीतल्या बलात्काराविषयीचा कायदा बदलला. त्या मुलीला मात्र त्यातून काहीच मिळाले नाही, हे विसरून त्या विजयाविषयी बोलू नये.

या वाटेवर महाराष्ट्रातली मोठी माणसे चालली आहेत. सासवडचे वि. म. तारकुंडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद सोडून नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले आणि आंध्रातल्या बनावट चकमकींची त्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली. शाहिद आझमी तरुणपणी स्वतः तिहारमध्ये राहिले, बाहेर येऊन वकील झाले आणि दहशतवादाच्या खटल्यांत अडकलेल्या गरिबांची बाजू लढवताना 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातल्या आपल्या ऑफिसात गोळ्यांना बळी पडले. नागपूरचे सुरेंद्र गडलिंग ज्या कायद्यांखालच्या कैद्यांचे वकील होते, त्यांतल्याच एका कायद्याखाली 2018 मध्ये पकडले गेले आणि वर्षानुवर्षे कच्चे कैदी म्हणून राहिले. नव्या वकिलाने हे जाणूनच या कामात यावे. एकट्याने येऊ नये. दोघा-तिघांनी मिळून प्रकरणे घ्यावीत, कागदांच्या प्रती दुसरीकडे ठेवाव्यात आणि पोट भरण्यासाठी दिवाणी कामही चालू ठेवावे.

शेवटचे प्रकरण कोठडीतल्या मृत्यूवर आहे आणि ते अपुरे आहे, कारण कायदाच तिथे अपुरा आहे. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या आंदोलनात पकडलेला, वडार समाजातला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत दगावला. आजारपणाचे कारण पुढे केले गेले. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, तरीही गुन्हा नोंदवायला आईला औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. तिथला जुलै 2025 चा आदेश सर्वोच्च न्यायालयात टिकल्यावरच चाके हलली. कोठडीत मृत्यू झाला की न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, असे संहितेचे कलम 196 सांगते. चौकशी अहवाल आल्यावर गुन्हा कोणी नोंदवायचा, किती दिवसांत, तपास कोणत्या यंत्रणेकडे द्यायचा आणि कुटुंबाला अहवालाची प्रत कधी मिळणार, यांवर ते कलम गप्प आहे. हा प्रश्न आता मुंबई उच्च न्यायालयापुढे मांडला गेला आहे. तोवर अशा प्रत्येक प्रकरणात पहिल्याच दिवशी चार अर्ज द्यावेत: शवविच्छेदनाच्या चित्रीकरणासाठी, कुटुंबाच्या पसंतीच्या डॉक्टरच्या उपस्थितीसाठी, ठाण्यातले आणि कारागृहातले सीसीटीव्ही चित्रण सील करण्यासाठी आणि चौकशी अहवालाच्या प्रतीसाठी. चारही अर्जांचे मराठी नमुने परिशिष्टात दिले आहेत. त्यांत नाव, तारीख आणि वेळ तेवढी भरायची आहे.